टाइम कॅप्सूल, फायबरचा राउटर आणि घरचा वायरलेस बॅकअप: जोडणी नेमकी कशी करावी?

तिसरा_मजला (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

घरी फायबरचं कनेक्शन आहे. ओएनटी (फायबरची तार जिथे लागते ते यंत्र) आणि वायफाय राउटर एकाच डब्यात, तो हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. त्याच्या एका पोर्टला ॲपलचं २०१३ च्या मॉडेलचं २ टीबीचं टाइम कॅप्सूल (राउटर आणि बॅकअपची डिस्क एकत्र असलेला डबा) केबलने जोडलंय. दोन मॅकबुक आहेत, एक ५१२ जीबीचं, एक २५६ जीबीचं, दोन्हींवर अलीकडचं मॅकओएस. शिवाय विंडोज ११ चा एक लॅपटॉप.

अडचणी अशा:

१. टाइम कॅप्सूलचा दिवा सतत नारिंगी लुकलुकतो. एअरपोर्ट युटिलिटीत (या डब्याची सेटिंग करायचं ॲपलचं ॲप) 'डबल नॅट' लिहून येतं. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालतं.

२. मॅक ओएनटीच्या वायफायवर असला की टाइम मशीनला (मॅकमधली बॅकअपची सोय) बॅकअप डिस्क सापडत नाही. टाइम कॅप्सूलच्या वायफायवर नेला की लगेच सापडते.

३. मोठ्या मॅकमध्ये साधारण ४०० जीबी भरलंय. वायफायवरून पहिला बॅकअप फार रखडतो. मध्ये तुटला की कधीकधी 'नवा बॅकअप तयार करावा लागेल' असा निरोप येतो.

४. विंडोजमधून ही डिस्क उघडतच नाही.

या डब्यावर अजून किती अवलंबून राहावं, आणि बदलायचा तर काय घ्यावं, हेही सांगा.

---

कॅट_सिक्स

१ आणि २ हा एकच दोष आहे. तुमच्या घरात आत्ता दोन राउटर आहेत आणि दोघंही पत्ते वाटताहेत, 'डबल नॅट' तो हाच. ओएनटी बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो, टाइम कॅप्सूल आपल्याकडच्यांना १०.०.१ ने सुरू होणारे. मॅक पहिल्या जाळ्यात आणि डिस्क दुसऱ्या जाळ्यात. टाइम मशीन डिस्क शोधतं ते बॉनजूर (घरच्या जाळ्यातली उपकरणं शोधायची ॲपलची पद्धत) वापरून, आणि बॉनजूरची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. इंटरनेट चालतं कारण बाहेर जाणारी वाहतूक दोन्ही राउटरांतून विनातक्रार जाते. घरातल्या घरात एकमेकांना शोधणं मात्र बंद पडतं. उद्या वायफाय प्रिंटर आणलात तर त्याचीही हीच गत होईल.

उपाय म्हणजे टाइम कॅप्सूलचं राउटरपण काढून घ्यायचं. क्रम पाळा, नाहीतर मध्येच डबा हाताबाहेर जातो.

आधी मॅक केबलने टाइम कॅप्सूलच्या तीनपैकी एका लॅन पोर्टला जोडा. हे आधी करायचं कारण पुढे आपण त्याचं वायफाय बंद करणार आहोत. एअरपोर्ट युटिलिटी उघडा, ती ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरात असते. टाइम कॅप्सूलच्या चित्रावर क्लिक करून 'एडिट'. 'नेटवर्क' या टॅबमध्ये 'राउटर मोड' दिसेल, तिथे 'ऑफ (ब्रिज मोड)' निवडा आणि 'अपडेट' दाबा. डबा पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा, मध्येच प्लग काढू नका. दिवा हिरवा झाला की पुन्हा 'एडिट', आता 'वायरलेस' टॅबमध्ये 'नेटवर्क मोड' बंद करा.

वायफाय बंद कशाला, असं वाटेल. या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ७.९.१ आहे, ते २०१९ चं. ॲपलने एअरपोर्टची उत्पादनं २०१८ मध्येच थांबवली. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ पर्यंतच, त्यापुढची डब्ल्यूपीए३ येणार नाही. घराचं दार राखायचं काम इतक्या जुन्या फर्मवेअरवर सोपवू नये. डिस्क म्हणून आत ठेवायला तो अजून ठीक आहे. एकाच घरात दोन वायफाय शेजारीशेजारी बडबडत राहिले की दोघांचाही वेग घटतो, तेही टळतं.

जाता जाता 'डिस्क्स' टॅबही पाहा. 'शेअर डिस्क्स ओव्हर वॅन' (वॅन म्हणजे घराबाहेरचं जाळं) वर खूण असेल तर काढून टाका.

ब्रिज झाल्यावरही डिस्क दिसली नाही तर दोन गोष्टी तपासा. मॅक 'गेस्ट' वायफायवर नाही ना? गेस्ट जाळ्यातून घरातली इतर उपकरणं मुद्दामच लपवलेली असतात. आणि ओएनटीच्या वायफाय सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) चालू असेल तर बंद करा. काही ओएनटी वायफाय आणि केबल यांच्यामध्ये बॉनजूरचे मल्टिकास्ट (अनेकांना एकदम पाठवलेले) पॅकेट गाळून टाकतात. तसं असेल तर ओएनटीच्या पानावर टाइम कॅप्सूलच्या एमएसी पत्त्यासाठी (यंत्राचा हार्डवेअर पत्ता, याचा मॅक कॉम्प्युटरशी संबंध नाही) ठरावीक आयपी राखून ठेवा, मग फाइंडरच्या 'गो' मेनूतून 'कनेक्ट टू सर्व्हर' उघडून एएफपीने (ॲपलची नेटवर्कवर फायली वाटायची जुनी पद्धत) सुरू होणारा तो पत्ता द्या. एकदा असं जोडलं की टाइम मशीनच्या यादीत डिस्क येते.

पासवर्ड विसरला असाल तर डबा रीसेट करता येतो, त्याने डिस्कवरचा डेटा पुसला जात नाही. 'इरेज डिस्क' हे वेगळं बटण आहे, त्याच्या जवळ जाऊ नका.

---

तबकडी

कॅट_सिक्स यांनी जोडणीचं सांगितलंच आहे. मी तिसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण घरच्या वायरलेस बॅकअपचा जीव बहुतेक वेळा तिथेच जातो.

आधी हिशोब. ४०० जीबी म्हणजे ४ लाख एमबी. आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडून, इमारतीतल्या सगळ्यांच्या गर्दीत, २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ४ एमबी सुटले तर सुमारे २८ तास. १०० एमबीपीएसच्या केबलवर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे १० तास. गिगाबिट केबलवर डिस्कचा आणि डब्यातल्या जुन्या प्रोसेसरचा वेग आडवा येतो. तरी सेकंदाला ४० एमबी धरले तर पावणेतीन तास. लाखो बारीक फायलींमुळे प्रत्यक्षात प्रत्येक आकडा वाढतो, पण प्रमाण हेच राहतं. तुमच्या इंटरनेट प्लॅनच्या वेगाचा यात काडीचाही संबंध नाही. हा डेटा घराबाहेर जातच नाही.

म्हणून पहिला बॅकअप केबलनेच. यूएसबी-सी ते इथरनेट अडॅप्टर घ्या, गिगाबिटचा, आणि मॅक थेट टाइम कॅप्सूलच्या लॅन पोर्टला लावा. ओएनटीच्या पोर्टला लावू नका. बऱ्याच ओएनटींमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. थेट लावलं की बॅकअपची वाहतूक ओएनटीतून जातच नाही.

केबलही तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जोडी तुटली किंवा टोकाचा आरजे४५ प्लग नीट क्रिम्प झाला (दाबून बसवला) नसेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कुठेही चूक दाखवत नाही. सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, डिटेल्स, हार्डवेअर असं जाऊन वेग बघा. १०००बेस-टी दिसलं पाहिजे. १००बेस-टीएक्स दिसलं तर आधी केबल बदला.

त्या वेळी मॅकचं वायफाय बंद ठेवा, म्हणजे वाहतूक नक्की केबलनेच जाईल. चार्जर लावून ठेवा, झाकण उघडं ठेवा, आणि बॅटरीच्या 'ऑप्शन्स'मध्ये स्क्रीन बंद असताना आपोआप झोपू नये ही खूण करा. संध्याकाळी लावा, रात्रीतून होऊन जातं. त्यानंतरचे बॅकअप फक्त बदललेल्या भागाचे असतात, ते ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आरामात होतात.

आता तो 'नवा बॅकअप तयार करावा लागेल' वाला निरोप. नेटवर्कवरच्या डिस्कवर टाइम मशीन सुट्या फायली ठेवत नाही. ते एक स्पार्सबंडल बनवतं, म्हणजे हजारो छोट्या तुकड्यांची मिळून एक आभासी डिस्क, आणि तिच्या आत स्वतंत्र फाइल सिस्टिम. लिहिणं चालू असताना झाकण मिटलं, वायफाय तुटलं किंवा टाइम कॅप्सूलची वीज गेली, तर आतली फाइल सिस्टिम अर्धवट राहते. बहुतेक वेळा ती पुढच्या खेपेला सावरते. नाही सावरली तर टाइम मशीन तो निरोप देतं आणि होकार दिलात की जुना सगळा इतिहास टाकून शून्यापासून सुरू करतं. हा निरोप आला की लगेच होकार देऊ नका. आधी जुन्या बॅकअपमधून एखादी पूर्वी खोडलेली फाइल हवी आहे का ते ठरवा, कारण नंतर ती मिळणार नाही.

हे टाळण्यासाठी बॅकअप चालू असताना झाकण मिटायचं नाही. मेनूबारमधलं घड्याळाचं चिन्ह पाहा, तिथे 'स्किप धिस बॅकअप' म्हणून मगच मिटा. मॅकओएस व्हेंचुरापासून पुढे बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते निवडता येतं. खोल्याखोल्यांतून फिरणाऱ्या लॅपटॉपला दर तासाऐवजी दिवसातून एकदा पुरतं, आणि तुटण्याच्या संधी तितक्याच कमी होतात. महिन्यातून एकदा ऑप्शन कळ दाबून त्याच चिन्हावर क्लिक करा, 'व्हेरिफाय बॅकअप्स' दिसेल.

जागेबद्दल: मॅकच्या साठ्याच्या दुप्पट जागा धरावी. ५१२ आणि २५६ मिळून ७६८, दुप्पट दीड टीबीच्या आसपास. २ टीबीत दोन्ही बसतात, पण सिनेमे ठेवायला तीच डिस्क वापरू नका.

आणि एक गोष्ट, जी फार जणांच्या ध्यानात येत नाही. फोटोजमध्ये 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतात आणि मॅकवर फक्त लहान प्रती. टाइम मशीन मॅकवर जे आहे तेच उचलतं. बॅकअप हिरवा दिसत राहतो आणि आत मूळ फोटो नसतातच. निदान एका मॅकवर 'डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक' ठेवा.

---

खिडकीवाला

विंडोजचं थोडक्यात. विंडोजशी टाइम कॅप्सूल फक्त एसएमबी१ (विंडोजच्या नेटवर्कवर फायली वाटायच्या पद्धतीची पहिली आवृत्ती) बोलतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ मुळात बसवलेलंच नसतं, आणि विंडोज ११ मध्येही नाही. 'विंडोज फीचर्स'मध्ये 'एसएमबी १.०' ला खूण करून ते चालू करता येतं, पण करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच जुन्या एसएमबीमधल्या भोकातून. एका डिस्कपायी सगळा लॅपटॉप उघडा टाकण्यात अर्थ नाही. सध्या विंडोजला यूएसबी डिस्क लावून 'फाइल हिस्टरी' वापरा. पुढे नवीन साठवणीचं यंत्र आलं की ते एसएमबी३ बोलेल आणि तिघांचाही प्रश्न एकदम सुटेल.

---

तिसरा_मजला

खूप आभार. ब्रिज मोड केला, दिवा हिरवा झाला आणि ओएनटीच्या वायफायवरून डिस्क दिसू लागली. अडॅप्टर मागवतो.

आता बदलण्याबद्दल. ओएनटीला यूएसबी पोर्ट आहे. त्यालाच २ टीबीची पोर्टेबल डिस्क लावली तर चालेल का? की टाइम कॅप्सूलमधली डिस्कच नवी, मोठी बसवून घ्यावी?

---

तबकडी

डिस्क बदलून घेण्यात पैसे घालू नका. आत साधी ३.५ इंची साटा डिस्क आहे, बदलता येते, पण अडचण तिच्यापुरती नाही. मॅक या डब्याशी एएफपीने बोलतो, आणि ॲपलने मॅकओएस १५.५ च्या वेळी जाहीर केलंय की एएफपी आता मागे पडलं असून पुढच्या एखाद्या आवृत्तीतून काढलं जाईल. ते गेलं की आत कितीही नवी डिस्क असली तरी मॅक तिच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून मॅकओएसची मोठी आवृत्ती चढवण्याआधी प्रत्येक वेळी हे तपासा. शिवाय दिवसरात्र चालणारी डिस्क वर्षाला ८,७६० तास फिरते. दहा वर्षांत ८७ हजारांवर तास होतात. डिस्कची अंतर्गत तब्येत टाइम कॅप्सूल दाखवत नाही, त्यामुळे आधी सूचना मिळेल ही आशा नको.

जुना इतिहास ठेवायचा असेल तर टाइम कॅप्सूलच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावा, ती 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, आणि एअरपोर्ट युटिलिटीत 'डिस्क्स' टॅबमध्ये 'आर्काइव्ह डिस्क' द्या. पोर्ट यूएसबी २ चा आहे, सेकंदाला फार तर २५ ते ३० एमबी. दीड टीबीला पूर्ण एक दिवस धरा, आणि तेवढा वेळ दोन्ही मॅकचा बॅकअप थांबवून ठेवा.

---

कॅट_सिक्स

ओएनटीच्या यूएसबी पोर्टबद्दल माझं स्पष्ट मत: टाइम मशीनसाठी नको.

पहिलं कारण वीज. २.५ इंची यूएसबी ३ डिस्क ९०० मिलिअँपिअरपर्यंत मागू शकते आणि यूएसबी २ पोर्ट ५०० चाच असतो. फिरायला सुरुवात करताना डिस्क टिकटिकते, मग गायब होते. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावला तर हे सुटतं. दुसरं कारण सॉफ्टवेअर. नेटवर्कवरची डिस्क टाइम मशीनला चालावी म्हणून त्या यंत्राने एसएमबीमधल्या ॲपलच्या जोड-सोयी पुरवाव्या लागतात. ओएनटीत त्या क्वचितच असतात. फाइंडरमध्ये डिस्क दिसते, फायली चढवता येतात, पण टाइम मशीनच्या यादीत ती येत नाही. आसुस, टीपी-लिंक यांच्या काही राउटरांत टाइम मशीनची सोय असते, पण घेण्याआधी बघा की ती एसएमबीवरची आहे की एएफपीवरची. एएफपीवरची असेल तर तुम्ही पुन्हा तिथेच.

माझा आग्रह असा की राउटर आणि बॅकअपची डिस्क वेगळ्या डब्यांत असावेत. राउटर काही वर्षांनी बदलावाच लागतो, वायफायची पिढी बदलते, कंपनी ओएनटी बदलून देते. बॅकअप मात्र वर्षानुवर्षं एका जागी राहायला हवा. टाइम कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र होतं, म्हणूनच आज तुम्हाला एकाच्या म्हातारपणाची किंमत दुसऱ्यासाठी मोजावी लागतेय.

पर्याय तीन.

घरात एखादा जुना मॅक कायम चालू राहू शकत असेल तर त्याला डिस्क लावा. 'फाइल शेअरिंग'मध्ये तो फोल्डर जोडून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'शेअर ॲज अ टाइम मशीन बॅकअप डेस्टिनेशन' ला खूण करा. मॅकओएस हाय सिएरापासून ही सोय आहे, आणि मॅकशी जुळण्याबाबत सगळ्यात कमी कटकटीची.

दुसरा, रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) आणि ओपनमीडियाव्हॉल्ट (त्याला साठवणीचं यंत्र बनवणारं सॉफ्टवेअर). पाय ४ ला खरा गिगाबिट पोर्ट आणि यूएसबी ३ आहे. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये शेअर बनवताना टाइम मशीनसाठी वेगळी खूण असते. डिस्क एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) मध्ये फॉरमॅट करा. प्रत्येक मॅकला वेगळा शेअर आणि त्यावर मर्यादा ठेवा, ५१२ वाल्याला १ टीबी, २५६ वाल्याला ५०० जीबी, नाहीतर एक मॅक दुसऱ्याची जागा खाऊन टाकतो. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेली ३.५ इंची डिस्क लावा. पायसाठी अडॅप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या, मोबाइलचा चार्जर लावू नका.

तिसरा, दोन डिस्कचा तयार नॅस (नेटवर्कला जोडायचं साठवणीचं यंत्र). खर्च जास्त, देखभाल कमी. त्यात रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. फाइल खोडली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

पोर्टेबल २.५ इंची डिस्क घेताना आणखी एक: मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या) असतात. लांबलचक लिहिणं चालू राहिलं की त्यांचा वेग कोसळतो. दुसरी प्रत ठेवायला चालतात, रोजच्या नेटवर्क बॅकअपला सीएमआर (पट्ट्या सुट्या असलेली) डिस्क घ्या.

---

इन्व्हर्टर_आणि_बॅटरी

विजेबद्दल जोडतो, कारण तबकडी यांनी सांगितलेली अर्धवट स्पार्सबंडलची भानगड आपल्याकडे विजेमुळेच जास्त होते. राउटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस ओएनटीला चालतात, पण टाइम कॅप्सूलला नाही. त्याचा अडॅप्टर आतच आहे, त्याला सरळ २३० व्होल्ट लागतात. वीज गेली की ओएनटी चालू, वायफाय चालू, मॅक बॅटरीवर चालू आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद. हाच सगळ्यात वाईट प्रसंग.

म्हणून ६०० व्हीएचा साधा कॉम्प्युटर यूपीएस घ्या आणि ओएनटी व डिस्क दोन्ही त्यावर ठेवा. दोघांचा भार मिळून ५० वॅटच्या आत असतो, बॅटरी धड असेल तर अर्धा-पाऊण तास सहज निघतो. घराला इन्व्हर्टर असेल तरी बदलीच्या क्षणी काही इन्व्हर्टर झटका देतात. त्याच्या पॅनेलवर 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, अधूनमधून मेन स्विच काढून बघत जा.

टाइम कॅप्सूल टीव्हीच्या मागे कोंडून ठेवू नका. त्याची उष्णता पंख्याने तळाच्या बाजूने बाहेर पडते. वर काही ठेवायचं नाही आणि चारही बाजूंना जागा हवी.

---

तिसरा_मजला

समजलं. जुना मॅक मिनी पडून आहे, त्यालाच डिस्क लावतो. टाइम कॅप्सूल चालतंय तोवर दोन्हीकडे बॅकअप ठेवता येईल का? आणि बॅकअप खरंच नीट आहे हे कसं पाहायचं?

---

तबकडी

ठेवता येतो. टाइम मशीनच्या सेटिंगमध्ये अधिकचं चिन्ह दाबून दुसरी डिस्क जोडा. दोन डिस्क असल्या की टाइम मशीन आळीपाळीने दोन्हींवर घेतं. दुसरी जोडताना 'रिप्लेस' विचारलं तर नको म्हणा. एन्क्रिप्शन तिथेच निवडायचं असतं. निवडलंत तर पासवर्ड कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, तो हरवला तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन घराबाहेर ठेवा, गावच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. मॅक मिनी आणि टाइम कॅप्सूल एकाच खोलीत असतील तर चोरी, आग किंवा विजेचा लोळ दोघांनाही एकदमच गाठतो.

तपासायचं असं. टाइम मशीन उघडून महिन्याभरापूर्वीच्या तारखेवर जा, एक फोल्डर निवडा, आणि तो मूळ जागी न आणता डेस्कटॉपवर परत आणा. फायली उघडून बघा, नुसती नावं बघू नका: एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, एखादी मोठी पीडीएफ चाळा, फोटो लायब्ररीतला एक जुना फोटो पूर्ण आकारात उघडा. टाइम कॅप्सूलवरचा जुना इतिहास पाहायचा असेल तर ऑप्शन कळ दाबून टाइम मशीनच्या चिन्हावर क्लिक करा, 'ब्राउझ अदर बॅकअप डिस्क्स' मिळेल. पूर्ण मॅक परत उभा करायची वेळ आली तर रिकव्हरीतून आधी मॅकओएस बसवायचं, मग मायग्रेशन असिस्टंटने बॅकअपमधून डेटा आणायचा. तेव्हाही मॅक केबलनेच जोडा, ४०० जीबीचा वरचा हिशोब परतीच्या वाटेलाही तसाच लागू आहे.